चालू झालं, म्हणजे झालं नव्हे

सप्टेंबर 2001 मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळानं एक चित्रफीत प्रसिद्ध केली होती. उघड्या कॉम्प्युटरवर गेम चालू आहे आणि चालत्या गेममध्येच प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, उचलून बाजूला काढला जातो. एएमडीचा ॲथलॉन बघता बघता जळाला. धूर निघाला आणि सगळं संपलं. इंटेलचा पेंटियम 4 मात्र तगला. गेम रखडला, चित्र अडखळत पुढे सरकू लागलं, पण कॉम्प्युटर बंद पडला नाही. हीटसिंक परत ठेवला तसा तो पुन्हा पळू लागला. तेव्हा चर्चा झाली ती धुराची. पुढची वीस-बावीस वर्षं ज्यानं घडवली तो प्रसंग मात्र दुसरा होता. तापलेल्या यंत्रानं जीव वाचवण्यासाठी आपला वेग कमी केला आणि वापरणाऱ्याला त्याबद्दल अवाक्षरही सांगितलं नाही.

आज बाजारात मिळणारा प्रत्येक डेस्कटॉप प्रोसेसर हेच करतो. ठरलेली तापमानमर्यादा गाठली की तो क्लॉक, म्हणजे आपला वेग, खाली आणतो, वीज कमी घेतो आणि काम चालू ठेवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. ही सोय चांगलीच आहे. हजारो रुपयांचा प्रोसेसर एका सैल स्क्रूपायी जळावा असं कुणालाच वाटणार नाही. पण या सोयीची एक किंमत आहे आणि तिचा विचार आपण फारसा केलेला नाही. प्रोसेसरवरचा कूलर, म्हणजे हीटसिंक आणि पंखा, बसवताना झालेली चूक पूर्वी लगेच उघडी पडायची. आता ती वर्षानुवर्षं झाकलेली राहू शकते. कॉम्प्युटर सुरू होतो, विंडोज उघडतं, पंखा फिरतो. बसवणारा म्हणतो झालं, घेणारा म्हणतो झालं. माझं म्हणणं असं, की चूक सांभाळून घेणाऱ्या यंत्रांच्या काळात कूलर बसवणं आणि त्याची चाचणी घेणं ही दोन वेगळी कामं राहिलेली नाहीत. ते एकच काम आहे, आणि चाचणी न घेता बसवलेला कूलर म्हणजे अर्ध्यावर सोडलेलं काम.

हे पटायचं तर प्रोसेसरमध्ये काय बदललं ते आधी पाहायला हवं. 1974 मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नियम मांडला. ट्रान्झिस्टर जितका लहान होतो तितकं त्याला लागणारं व्होल्टेज आणि करंटही कमी करता येतं. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवले तरी दर चौरस मिलिमीटरमागची उष्णता वाढत नाही. सुमारे तीस वर्षं हा नियम उद्योगाच्या कामी आला. 1989 साली आलेले 486 प्रोसेसर सुरुवातीला पंख्याशिवाय चालत होते. नव्वदीच्या मध्यापर्यंत पेंटियमवर छोटा हीटसिंक आणि पंखा सर्रास दिसू लागला. 2004 च्या सुमारास नियम थकला. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, व्होल्टेज मात्र त्या प्रमाणात उतरेना, आणि बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपू लागली. इंटेलनं त्या वर्षी टेजस हा पुढचा प्रोसेसर रद्द केला आणि 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 बाजारात आणण्याचा बेतही सोडून दिला. नुसता वेग वाढवत नेण्याचा रस्ता उष्णतेनं अडवला होता.

त्यानंतर कंपन्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, एकाच्या जागी अनेक कोअर दिले. दोन, प्रोसेसरला स्वतःचं तापमान आणि वीज क्षणोक्षणी पाहून वेग ठरवायला शिकवलं. या दुसऱ्या गोष्टीनं कूलरचं काम पार बदलून टाकलं. इंटेलच्या कोअर आय5-12400 या लोकप्रिय प्रोसेसरचा पायाभूत क्लॉक 2.5 गिगाहर्ट्झ आहे आणि कमाल 4.4. त्याची पायाभूत वीज 65 वॉट आहे, तर टर्बोमध्ये, म्हणजे वाढीव वेगात, तो 117 वॉटपर्यंत जाऊ शकतो. कोअर आय9-13900के मध्ये हेच आकडे 125 आणि 253 वॉट आहेत. खालच्या आणि वरच्या आकड्यामधला जो पट्टा आहे, त्यात आपला प्रोसेसर कुठे राहील हे मदरबोर्डच्या सेटिंगवर आणि कूलरवर ठरतं. पूर्वी कूलर प्रोसेसरला वाचवायचा. आता तो प्रोसेसरचा वेगही ठरवतो.

यातून एक विचित्र परिस्थिती तयार होते. कूलर वाकडा बसला आहे, म्हणून 12400 जेमतेम पायाभूत क्लॉकवर रखडतो आहे, असं समजू. ग्राहक तक्रार घेऊन गेला तर त्याला काय उत्तर मिळेल? कंपनीनं हमी दिली ती पायाभूत वेगाची, आणि तेवढा वेग तर मिळतोच आहे. प्रोसेसरमध्ये दोष नाही, कूलरमध्ये दोष नाही, मदरबोर्डमध्येही नाही. दोष आहे तो या तिघांच्या जुळणीत, आणि जुळणीची हमी कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते. ती हमी देऊ शकतो तो फक्त बसवणारा माणूस, आणि तीही मोजून पाहिलं असेल तरच.

चूक कुठे लपते हे समजून घ्यायला उष्णतेची वाट धरून जावं लागतं. आय9-13900के मधल्या सिलिकॉनच्या चकतीचं क्षेत्रफळ अडीचशे चौरस मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट यांची नखं शेजारी ठेवली तर जेवढी जागा व्यापतील साधारण तेवढं. त्यातून 253 वॉट बाहेर पडतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे शंभर वॉट. घरातल्या हजार वॉटच्या इस्त्रीच्या तळाशी हेच प्रमाण पाच-सहा वॉट भरतं. एवढी दाट उष्णता सिलिकॉनमधून त्याच्या धातूच्या झाकणात, झाकणातून थर्मल पेस्टमध्ये, पेस्टमधून कूलरच्या तांब्याच्या तळात, तिथून हीट पाइपमधून वर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत, पत्र्यांतून हवेत, आणि शेवटी कॅबिनेटच्या बाहेर खोलीत जायची असते. एअर कूलर काहीच थंड करत नाही. तो उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो. वाटेत एक टप्पा जरी अडला तरी मागचे सगळे टप्पे तापतात.

यातला हीट पाइप हा टप्पा विलक्षण आहे. 1963 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी तो प्रत्यक्षात आणला. कल्पनेचं पेटंट त्याआधी 1944 मध्ये जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांना मिळालं होतं. तांब्याची बंद नळी, आत हवा काढून घेतलेली, थोडंसं पाणी आणि भिंतीला लागून तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर. दाब कमी असल्यामुळे पाणी कमी तापमानालाच उकळतं. तापलेल्या टोकाला वाफ होते, ती थंड टोकाकडे धावते, तिथं पुन्हा पाणी होतं आणि त्या सच्छिद्र थरातून केशाकर्षणानं परत येतं. वाफ होताना पाणी इतकी उष्णता शोषतं, की 100 वॉट वाहून न्यायला सेकंदाला एका ग्रॅमच्या पंचविसाव्या भागाइतकं पाणी फिरलं तरी पुरतं. हा टप्पा कारखान्यात बनून येतो आणि सहसा बिघडत नाही. बिघडतात ते आपल्या हातून होणारे टप्पे, म्हणजे पेस्ट, दाब आणि हवेचा रस्ता.

पेस्टविषयी इतके वाद आहेत, की तिचं मूळ काम बाजूलाच पडतं. प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ हाताला गुळगुळीत लागले तरी सूक्ष्म पातळीवर दोन्ही खडबडीत असतात. एकावर एक ठेवले की ते काही उंचवट्यांवरच टेकतात आणि मधे हवा अडकते. तांब्याची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला सुमारे 400 वॉट आहे, हवेची 0.026. बाजारातल्या पेस्टची साधारण पाच ते दहा. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी चांगली, पण तांब्यापेक्षा चाळीस-ऐंशी पटींनी वाईट. या दोन आकड्यांतच सगळी पद्धत आली. पेस्ट हवीच, पण फक्त हवा हुसकून लावण्यापुरती. तिचा थर जितका पातळ तितका बरा. मधोमध वाटाण्याएवढा थेंब ठेवा की फुली काढा, यानं फरक पडतो तो बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या अंशाचा. थर पातळ होतो तो दाबानं, आणि दाब येतो स्क्रूंमधून.

म्हणून माझ्या मते कूलर बसवण्यातला सर्वांत महत्त्वाचा क्षण स्क्रू आवळण्याचा. एका बाजूचा स्क्रू आधी पूर्ण आवळला तर तळ तिरका टेकतो, पेस्ट दुसऱ्या बाजूला ढकलली जाते, आणि मग समोरचा स्क्रू कितीही आवळला तरी ती सारखी पसरत नाही. दोन्ही बाजू आधी नुसत्या धरतील इतक्या लावायच्या, मग आळीपाळीनं दोन-दोन आटे देत जायचं. चार स्क्रू असतील तर कर्णाच्या दिशेनं. स्प्रिंग असलेले स्क्रू शेवटी स्वतःहून थांबतात. तिथं हातानं जोर करायचा नसतो. त्याआधी तळावरचं पारदर्शक प्लास्टिक काढलं आहे ना ते बघायचं. पंख्याचा जाळीसारखा आधार असलेला भाग हवा बाहेर टाकतो आणि मोकळी बाजू हवा ओढते, हे ध्यानात ठेवून पंख्याचं तोंड कॅबिनेटच्या मागच्या पंख्याशी जुळवायचं. वायर मदरबोर्डवरच्या सीपीयू फॅन या चार पिनांच्या जागी लावायची, म्हणजे तापमानाप्रमाणे वेग बदलतो. यातलं काहीच अवघड नाही. पण यातलं काहीही चुकलं तरी कॉम्प्युटर सुरू होतोच, आणि सगळी अडचण तिथंच आहे.

अकोल्यात लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचा पीसी मी उघडून पाहिला होता. त्याची तक्रार एवढीच, की फिल्म एक्स्पोर्ट व्हायला फार वेळ लागतो आणि उन्हाळ्यात तर रात्र जाते. त्याला आधी फॉर्मॅट मारून घ्यायचा सल्ला मिळाला, मग रॅम वाढवायचा, मग एसएसडी बदलायचा. पैसे गेले, वेळ तसाच राहिला. कूलर काढल्यावर तळावरचा पेस्टचा ठसा सगळं सांगत होता. एका कडेला पेस्ट पातळ होऊन जवळजवळ पारदर्शक झालेली, मधे जाडसर, आणि दुसऱ्या कडेला थेंब पडला तसाच, न चेपलेला. खाली पाहिलं तर कूलर धरून ठेवणारं ब्रॅकेट जुन्या सॉकेटचं. इंटेलच्या जुन्या एलजीए 1200 आणि त्याआधीच्या 115x सॉकेटांमध्ये कूलरच्या भोकांमधलं अंतर 75 मिलिमीटर होतं; 2021 मध्ये आलेल्या एलजीए 1700 मध्ये ते 78 झालं आणि प्रोसेसरची उंचीही किंचित कमी झाली. दुकानातल्या कुणीतरी जुनं ब्रॅकेट तीन मिलिमीटर ओढूनताणून बसवलं होतं. योग्य ब्रॅकेट मागवून, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून तोच कूलर पुन्हा लावला आणि क्लॉक खाली यायचा थांबला. त्या माणसानं इतके दिवस स्वतःच्या झोपेनं भरपाई केली ती तीन मिलिमीटरच्या चुकीची. बसवणाऱ्यानं त्याच दिवशी अर्धा तास लोड देऊन पाहिला असता, तर चूक त्याच्या टेबलावरच सापडली असती.

आता चाचणीकडे येतो, कारण ‘मी टेंपरेचर बघितलं, ठीक होतं’ याला चाचणी म्हणता येत नाही. तापमानाचा एकटा आकडा काहीच सिद्ध करत नाही. एएमडीनं 2022 मध्ये रायझन 7000 मालिका आणली तेव्हा स्पष्ट सांगितलं, की जड कामाखाली हे प्रोसेसर 95 अंशांपर्यंत जाणं अपेक्षित आहे आणि तिथं राहून ते शक्य तेवढा वेग देतात. अशा प्रोसेसरवर उत्तम कूलर आणि सुमार कूलर दोघंही 95 च दाखवू शकतात. फरक दिसतो तो क्लॉक आणि वॉट यांत. उलट एखाद्या मशिनचं तापमान 70 दिसत असेल, पण तो प्रोसेसर निम्मीच वीज घेत असेल, तर त्या 70 चं कौतुक करण्यात अर्थ नाही. म्हणून निदान चार आकडे एकत्र लिहायला हवेत: खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, प्रत्यक्ष घेतलेले वॉट आणि सर्व कोअरवरचा क्लॉक. पंख्याचा वेग पाचवा. एचडब्ल्यूइन्फोसारखा फुकट प्रोग्राम यातले चार दाखवतो, आणि थ्रॉटलिंग झालं का हेही सांगतो. खोलीसाठी साधा थर्मामीटर पुरतो.

आकड्यांइतकीच महत्त्वाची आहे वेळ. लोड सुरू केल्यावर तापमान एकाच चालीनं चढत नाही आणि त्या चढाचे टप्पे ओळखता आले तर चूक कुठे आहे ते कळतं. पहिल्या दोन-तीन सेकंदांत जी उडी दिसते ती सिलिकॉनपासून कूलरच्या तळापर्यंतची. तांबं-ॲल्युमिनियम अजून तापलेलंच नसतं, त्यामुळे या उडीत पंख्याचा दोष नसतो. त्याच प्रोसेसरच्या मानानं ती फार मोठी असेल तर पेस्ट, दाब किंवा ब्रॅकेट यांच्याकडे बघायचं. पुढची दहा-बारा मिनिटं जो सावकाश चढ दिसतो तो धातू तापण्याचा. पाऊण-एक किलोचा टॉवर कूलर स्थिर तापमानाला यायला तेवढा वेळ घेतोच, म्हणून एका मिनिटात उरकलेली चाचणी नेहमीच खोटा दिलासा देते. त्यानंतर अर्ध्या तासापर्यंत तापमान हळूहळू चढतच राहिलं, तर कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर जात नाही. बाजूचं झाकण काढून बघायचं. आकडे लगेच उतरले तर कूलर निर्दोष आहे आणि हवेचा रस्ता दोषी. एवढं निदान कुठल्याही महागड्या उपकरणाशिवाय होतं. लागतं ते फक्त समोर बसून पाहणं.

लोड कशाचा द्यायचा यावरही विचार हवा. प्राइम95 हा प्रोग्राम 1996 मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी सुरू केलेल्या प्रकल्पातून आला. अवाढव्य गुणाकार करत राहणं हे त्याचं काम, आणि त्यात प्रोसेसर पिळून निघतो. शिवाय तो आपलं उत्तर तपासून बघतो. गणित चुकलं तर थांबतो. जानेवारी 2016 मध्ये इंटेलला आपल्या स्कायलेक प्रोसेसरमधला एक दोष मान्य करावा लागला, आणि तो उघड झाला होता प्राइम95 चालवताना कॉम्प्युटर गोठल्यामुळे. कडक चाचणी काय साधते याचा याहून चांगला दाखला नाही. पण रोजच्या वापरात कुणीच इतका ताण देत नाही, हेही खरं. म्हणून सिनेबेंचसारखी दहा मिनिटांची रेंडरिंगची चाचणी आणि त्यानंतर मालकाचं स्वतःचं काम, म्हणजे त्याची एक्स्पोर्ट करायची फाइल किंवा त्याचा गेम, अशा दोन पायऱ्या मला योग्य वाटतात. पहिलीचे आकडे इतरांशी ताडून बघता येतात. मालकाचं काम निभतं की नाही हे दुसरीच सांगते.

आणि आता खोलीचं तापमान. न्यूटननं 1701 मध्ये मांडलेली गोष्ट अशी, की वस्तू किती वेगानं थंड होते हे तिच्या आणि भोवतालच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलरच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. ठरावीक वॉट आणि ठरावीक पंख्याचा वेग असेल तर प्रोसेसर खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी वर राहतो. युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या परीक्षकाची खोली बहुधा वीस-बावीस अंशांची असते. समजा, त्याच्या 22 अंशांच्या खोलीत प्रोसेसर 72 वर थांबला. म्हणजे वाढ 50 अंशांची. तीच जुळणी 40 अंशांच्या खोलीत 90 वर जाईल; गरम सिलिकॉनमधून वीज जास्त झिरपते, त्यामुळे थोडी वरही. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूर इथं पारा 45 च्या आसपास असतो. दुपारी पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत 38-40 अंश ही अजिबात नवलाची गोष्ट नाही. म्हणजे परदेशी परीक्षणात भरपूर ऐसपैस वाटणारा कूलर विदर्भात मर्यादेला टेकतो, आणि पुण्याच्या एसी ऑफिसात बसून केलेली शिफारसही तिथं उपयोगी पडत नाही.

यावर मोठा, महाग कूलर हे एकच उत्तर नाही. खोलीत डेझर्ट कूलर लावला तर हवेचं तापमान खरोखर खाली येतं, पण त्या हवेचा झोत कॅबिनेटवर घेतला तर ओल आणि धूळ आत जाते. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, आवाज मात्र सुमारे पंधरा डेसिबलनं वाढतो. दिवसभर त्या खोलीत बसणाऱ्याच्या कानांचा विचारही करायला हवा. बायोसमध्ये वीजमर्यादा खाली आणणं हा मार्ग बहुतेक वेळा सगळ्यांत शहाणा असतो. जास्त वेगाला जास्त व्होल्टेज लागतं आणि प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ फार महाग पडतात. ते सोडून दिले तर बरेच वॉट वाचतात आणि काम किंचितच मंदावतं. पण यातला कुठला मार्ग आपल्याला हवा हे आधी मोजल्याशिवाय ठरत नाही. जानेवारीत पीसी घेतला असेल तर एप्रिल-मेमध्ये तीच चाचणी पुन्हा घ्यावी असा माझा आग्रह आहे, कारण हिवाळ्यातला पास झालेला निकाल उन्हाळ्याला लागू होत नाही.

या सगळ्यावर काही आक्षेप घेतले जातात आणि त्यांत तथ्य आहे. पहिला असा, की टायपिंग, टॅली आणि ब्राउझर एवढंच चालवणाऱ्याला याची गरज काय? त्याचा प्रोसेसर दिवसभरात क्वचितच तापतो. हे मला मान्य आहे. अशा माणसाला खोक्यातून आलेला कूलर पुरेसा असतो, आणि चाचणी घेतली तर नेमकं तेच सिद्ध होतं. मोजणी माणसाला खर्चात पाडते हा गैरसमज आहे. ती बऱ्याचदा खर्चातून वाचवते. गरज नसताना दिवे लावलेला लिक्विड कूलर गळ्यात मारला जातो, कारण ‘तुम्हाला लागणार नाही’ हे दाखवायला कुणाच्या हातात आकडा नसतो.

दुसरा आक्षेप, की कंपन्यांनी सगळा विचार करूनच सेटिंग दिलेलं असतं; आपण कशाला डोकं लावायचं? कंपन्यांच्या अभियंत्यांबद्दल मला आदर आहे. पण 2024 मध्ये इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीतले अनेक डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा इंटेलनंच सांगितलं की मायक्रोकोडमधल्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधल्या, चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. दुरुस्त मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. ते संकट कूलरमुळे आलेलं नव्हतं. पण खोक्यातून आलेलं सेटिंग म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, एवढं त्यातून शिकता येतं. ज्यांनी आपल्या मशिनचे व्होल्टेज, वॉट आणि तापमान यांचे आकडे लिहून ठेवले होते, त्यांना काय बदललं हे दाखवता येत होतं. बाकीच्यांच्या हातात फक्त शंका होती.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे: यासाठी वेळ कुणाकडे आहे, आणि त्याचे पैसे कोण देणार? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कॉम्प्युटर जोडायचं काम करणाऱ्या मुलांच्या हातात कौशल्य भरपूर आहे. डोळे मिटून मदरबोर्ड बसवतील इतका सराव त्यांना आहे. पण त्यांना दिवसाला जितकी मशिन जोडली तितका मोबदला मिळतो. जोडणीचे पैसे बिलात दिसतात, चाचणीचे दिसत नाहीत. मग चाचणी वगळली जाणारच. हा त्या मुलांचा नैतिक दोष नाही, ही कामाच्या किमतीची मांडणी आहे, आणि ती बदलणं आपल्या हातात आहे. दुकानानं बिलात चाचणीची वेगळी ओळ लिहावी आणि तिचे पैसे घ्यावेत. त्या बदल्यात ग्राहकाला एक पत्रक द्यावं: तारीख, खोलीचं तापमान, लोडचा प्रकार, अर्ध्या तासानंतरचं तापमान, वॉट, क्लॉक. आणि ग्राहकानं भाव करताना ही ओळ खोडायला लावू नये. आयटीआयच्या हार्डवेअरच्या वर्गात विद्यार्थ्याला कूलर बसवायला लावून तिथंच थांबू नये. मुद्दाम तिरका बसवलेला कूलर समोर ठेवून, झाकण न उघडता, फक्त तापमानाच्या चढावरून दोष ओळखायला सांगावा. शाळांसाठी, सरकारी कार्यालयांसाठी एकगठ्ठा कॉम्प्युटर घेताना ‘सुरू होतो’ एवढ्यावर सही करू नये. गठ्ठ्यातली काही मशिन उचलून, ज्या खोलीत ती वापरली जाणार आहेत त्याच खोलीत, दुपारी लोडवर ठेवावीत.

हा प्रश्न कूलरपुरता नाही. आपल्या भोवतीची यंत्रं वेगानं समंजस होत आहेत. फोन तापला की पडदा मंद करतो आणि चार्जिंग हळू करतो. इलेक्ट्रिक गाडी बॅटरी जपण्यासाठी जलद चार्जिंगचा वेग उतरवते. इन्व्हर्टर एसी बाहेरची हवा फार तापली की आपली क्षमता आवरतो. प्रत्येक ठिकाणी यंत्र वाचतं आणि नुकसान वेळेच्या, विजेच्या, मनस्तापाच्या रूपानं माणसाकडे सरकतं; इतक्या थोड्या थोड्या प्रमाणात, की त्याचा हिशेब कुणी मागत नाही. असं यंत्र वापरणाऱ्याला ‘बंद तर पडत नाही ना’ हा जुना निकष पुरत नाही. ‘जेवढं द्यायला हवं तेवढं देतं का’ हे विचारावं लागतं, आणि त्याचं उत्तर आकड्याशिवाय मिळत नाही.

डेस्कटॉपचा एअर कूलर हे शिकायला सर्वांत चांगली जागा आहे असं मला वाटतं. तो उघडा असतो, हातानं बसवता येतो, काढून बघता येतो, आणि पेस्टच्या ठशात आपल्या हाताचं काम जसंच्या तसं दिसतं. थर्मामीटर, फुकटचा प्रोग्राम आणि अर्धा तास एवढ्या साधनांत साध्या माणसाला आपल्या यंत्राबद्दल पुराव्यानिशी बोलता येतं, अशा वस्तू आता घरात फार उरलेल्या नाहीत. म्हणून ज्यानं कूलर बसवला त्यानं तो मोजून दाखवावा आणि ज्यानं पैसे मोजले त्यानं आकडे मागून घ्यावेत, ज्या खोलीत पीसी चालणार त्या खोलीतले, आणि उन्हाळ्यात पुन्हा एकदा.